पहिली खुकुरी घ्यायची आहे, कोणती घ्यावी?

सह्यवाट
मंडळी, सल्ला हवा आहे.

गेल्या वर्षी अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक केला. परतताना पावसामुळे घांद्रुकला दोन रात्री अडकलो. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आमाच्या (म्हणजे घरच्या आईच्या) चुलीशेजारी एक खुकुरी, म्हणजे वाकड्या पात्याचं नेपाळी हत्यार, असायची. तिनंच चुलीची लाकडं फोडायची, तिनंच अचानोवर (म्हणजे लाकडी ठोकळ्यावर) बोकडाचं मटण तोडायचं आणि तिच्याच पाठीनं आलं-लसूण ठेचायचं. दोन दिवस मी नुसता आमाचे हात बघत बसलो होतो. धार बघू का म्हणून विचारलं, तर तिनं मूठ माझ्याकडे आणि पातं स्वतःकडे करून ती माझ्या हातात दिली. तेव्हापासून ही वस्तू डोक्यातून जात नाही.

आमच्या ऑफिसातला एक सहकारी पूर्व नेपाळातल्या भोजपूरचा आहे. दशैंला (त्यांच्या दसऱ्याला) घरी जातोय. "दाजू, तुझ्यासाठी आणतो, पण कसली आणू ते सांग," म्हणाला, आणि मला उत्तर देता आलं नाही. सिरुपाते, भोजपुरे, चैनपुरे, आंगखोला, पानावल अशी नावं वाचून गोंधळ वाढला आहे.

त्र्यंबकेश्वरच्या बाजूला आमची तीस गुंठे जमीन आहे. घाणेरी माजली आहे, बांधावर बांबू आहे, पावसाळ्यानंतर फांद्या तोडाव्या लागतात. म्हणजे भिंतीवर टांगायला नको, वापरायला हवी. बजेट साधारण पाच हजार. मनात १२ इंची आंगखोला आहे. बरोबर विचार करतोय का?

लाल_माती
कोयता घे. साडेतीनशे-चारशेत काम होईल. आमच्याकडे रत्नागिरीत माणूस कमरेला आकडी बांधतो, तिला कोयती अडकवतो आणि माडावर चढतो. नारळ, झाप, कवळ, काटेरी कुंपण, सगळं त्या एका कोयतीवर. हजारो रुपये घालून परदेशातून हत्यार आणायची गरज मला तरी दिसत नाही.

धारदार
१२ इंची अजिबात नको. माझ्याकडे सात खुकुऱ्या आहेत आणि पहिली घेताना मी नेमकी हीच चूक केली. १२ इंची पातं, पाठीची जाडी जवळजवळ १० मिलिमीटर, वजन पाऊण किलोच्या वर. ओंडक्यावर छान चालायची, पण दहा मिनिटांत मनगट भरून यायचं. घाणेरीसारखी लवचिक काडी वजनानं तुटत नाही, वेगानं तुटते. जड हत्यार नवख्याच्या हातात हळू फिरतं, आणि फेक चुकली की थांबवता येत नाही.

नावांचा गोंधळ थोडा सोडवतो. सिरुपाते म्हणजे सिरु नावाच्या गवताच्या पात्यासारखी, अरुंद आणि निमुळती. हलकी, चपळ, दिसायलाही देखणी. भोजपुरे रुंद पोटाची (पोट म्हणजे पात्याचा पुढचा रुंद भाग), दणकट. आंगखोलाच्या पात्याला पाठीच्या बाजूनं खोलगट खोदलेलं असतं, त्यामुळे जाड पाठ ठेवूनही थोडं वजन उतरतं. तीनचिरा म्हणजे पात्यावर तीन चिरा पाडलेली, ती घडवायला जास्त मेहनत आणि म्हणून महाग. पानावल हे मुठीवरून पडलेलं नाव आहे. पात्याचं लोखंड मुठीच्या पूर्ण रुंदीत शेवटपर्यंत येतं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा शिंग रिव्हेटनं बसवतात. बाकीच्यांत पात्याची शेपटी मुठीच्या पोटात घुसवलेली असते.

शब्दवेडा
थोडं अवांतर. आपण मराठीत 'कुकरी' लिहितो ते इंग्रजीतून आलं. नेपाळीत शब्द खुकुरी आहे. धागाकर्त्यानं नीट लिहिलंय म्हणून बरं वाटलं. म्यानाला दाप म्हणतात, मुठीला बीँड. आणि त्या आमाच्या स्वयंपाकघरात चुलेसीही असणार. ती म्हणजे आपली विळीच, पायाखाली दाबून भाजी चिरायची.

आजीची_विळी
चुलेसीबद्दल आजच कळलं, छान वाटलं! म्हणजे त्यांच्याही स्वयंपाकघरात बसून चिरायचं आणि उभं राहून तोडायचं अशी दोन वेगळी हत्यारं आहेत. आमच्याकडे विळी आणि कोयता यांची हद्द अशीच ठरलेली होती. आजी विळीवर कधी काडीसुद्धा तोडू देत नसे.

लोहारवाडा
आमच्या घरी तीन पिढ्या भाता चालला, मी नोकरीत आलो. त्यामुळे थोडं लांब लिहितो.

लाल_माती आणि धागाकर्ता दोघेही एकाच लोखंडाबद्दल बोलत आहेत. आपला चांगला कोयता ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) असतो. नेपाळचे कामी, म्हणजे तिथले लोहारसुद्धा, बहुतेक गाड्यांचे जुने पाटेच घेतात. लोखंड भावंडं आहेत. फरक आहे आकारात आणि पाणी पाजण्याच्या पद्धतीत.

आमच्याकडे कोयता तापवून धारेची बाजू पाण्यात बुडवायचे. कामी काय करतो, तर पातं लाल करून किटलीच्या तोटीनं फक्त धारेवर पाणी सोडतो. पोटाच्या धारेवर सगळ्यात जास्त, टोकाकडे आणि मुठीकडे कमी, पाठीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. मऊ पाठ घाव सोसते, कडक धार टिकते. सगळंच पातं कडक केलं तर ते काचेसारखं तडकेल, सगळंच मऊ ठेवलं तर दोन फांद्यांत धार वाकेल. ही किटलीची धार किती वेळ आणि कुठून कुठपर्यंत सोडायची ते फक्त लोखंडाच्या रंगावरून ठरतं. म्हणून कामी थोड्या अंधारात काम करतो. माझे आजोबाही पाणी पाजायचं काम दिवेलागणीलाच करायचे. उन्हात रंग फसवतो म्हणायचे.

आता पारख. कानस घे. पोटाच्या धारेवर अगदी हलकी फिरव, ती घसरायला हवी. पाठीवर फिरव, ती चावायला हवी. दोन्हीकडे सारखीच चावली तर ते शोभेचं पातं आहे, पाणी दिलेलंच नाही. दुसरं, पातं डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेत बघ. वाक किंवा पीळ दिसला तर परत दे. तिसरं, पाठीची जाडी मुठीपासून टोकाकडे कमी होत गेली पाहिजे. सगळीकडे सारखी असेल तर पट्टी कापून घासलीय, घडवलेली नाही.

वाळवंटी
लोहारवाडा, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

मी ॲरिझोनात असतो, कॅम्पिंगला खुकुरी नेतो. माझी पहिली काठमांडूच्या ठमेलमधून घेतली होती. पितळी सिंहाचं तोंड, नक्षीदार दाप, चकचकीत पातं. कॅम्पवर तिसऱ्याच फांदीला मूठ फिरली. आत शेपटी जेमतेम दोन इंच होती. ती दिवाणखान्यासाठी बनवलेली होती आणि मी तिच्याकडून लाकूडतोड्याचं काम मागत होतो.

दुसरी चांगली मिळाली, पण तिच्यानं मला वेगळी गोष्ट शिकवली. पारंपरिक मूठ लाहा वापरून बसवतात. लाहा म्हणजे राळेचं मिश्रण, गरम करून आत ओतायचं, थंड झालं की दगड. उन्हाळ्यात मी ती गाडीच्या डिकीत विसरलो. संध्याकाळी हातात घेतली तर मूठ हलत होती आणि कडेनं काळपट थेंब आला होता. लाहा वितळला होता. सावलीत पातं वर करून उभी ठेवली, गार झाल्यावर पुन्हा घट्ट बसली. तेव्हापासून गाडीत ठेवत नाही. नाशिकच्या मे महिन्यातही हे होऊ शकतं.

सह्यवाट
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. १२ इंची रद्द. मग १० इंची आणि पानावल मुठीची सांगू का? वाळवंटी यांचं वाचून मुठीचीच भीती वाटायला लागली आहे.

धारदार
घाबरू नकोस. पानावल मजबूत असते, पण घावाचा हादरा थेट हातात येतो आणि वजन मुठीकडे वाढतं. शेपटीची मूठ नीट बसवलेली असेल तर आयुष्यभर जाते, आणि सैल झाली तर गावातल्या गावात पुन्हा बसवता येते. तुझा मित्र भोजपूरचाच आहे. त्याला म्हणावं, दुकानात जाऊ नकोस, तुझ्या घरच्यांसाठी जो कामी बनवतो त्याच्याकडे जा आणि घरी गवत-लाकडाला वापरता तशी साधी दे म्हणून सांग. नक्षी नको, पॉलिश नको. मूठ सिसौच्या लाकडाची. शिंगाची सुंदर दिसते, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि तडकते.

ॲड_संगम
१० इंची सांगायच्या आधी जरा थांबा. शस्त्र कायदा १९५९ च्या नियमांमध्ये जी यादी आहे तिच्यात खुकुरीचं नाव घेऊन उल्लेख आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्राच्या वर्गात येतं. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुम्ही म्हणाल, मी शेतीलाच वापरणार. खरं आहे, पण रस्त्यात तुम्हाला थांबवणाऱ्या पोलिसाला ते पटवून देण्याची वेळच कशाला येऊ द्यायची? कोयत्याकडे बघून शेती आठवते, खुकुरीकडे बघून आठवत नाही. आणि 'किंवा' हा शब्द नीट वाचा. लांबी बसली आणि पोट रुंद निघालं, तरी प्रश्न येतोच.

दुसरं, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्या काळात धारदार हत्यार बाळगून फिरणं हाच गुन्हा. त्यामुळे ती शेतावरच राहू द्या, रोज गाडीत घालून ये-जा करू नका. आणि मित्र विमानानं येणार असेल तर खुकुरी चेक-इन सामानात, गुंडाळून. हातातल्या बॅगेत अजिबात नाही.

लाल_माती
हे पटलं. पुण्यातल्या कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांमुळे आमच्या साध्या कोयतीकडेही लोक संशयानं बघायला लागलेत. भावाला कोयता घेताना दुकानदारानं आधार कार्ड मागितलं. शेतकऱ्याच्या कमरेचं हत्यार गुंडाच्या हातात गेलं, याचं वाईट वाटतं.

सह्यवाट
वकीलसाहेब, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ८ इंची? काम होईल का तिच्यानं?

लोहारवाडा
होईल. लांबीपेक्षा बाक काम करतो. खुकुरी मध्ये वाकलेली असते, त्यामुळे सरळ घाव घातला तरी धार लाकडावर तिरपी उतरते आणि कापत कापत जाते. सरळ पात्याला हेच करायला मनगट ओढावं लागतं. शिवाय वजन पुढच्या पोटात साठलेलं असतं. तिला ढकलायचं नाही, तिला पडू द्यायचं. ८ इंची, ४०० ग्रॅमच्या आसपास, पाठ मुठीजवळ ७-८ मिलिमीटर. घाणेरी आणि तीन बोटं जाडीच्या फांद्यांना पुरेशी आहे. पोट पावणेदोन इंचांच्या वर नको.

डॉ_पलटण
उशिरा आलो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना तीन वर्षं एका गोरखा पलटणीसोबत होतो. लोक विचारायचे, खुकुरीच्या जखमा बघितल्या असतील. बघितल्या. नव्या रंगरुटांच्या, स्वतःच्या डाव्या हाताच्या.

कारण सांगतो. दाप म्हणजे दोन लाकडी फळ्या आणि वरून चामडं. माणूस काय करतो, डाव्या हातानं दाप मुठीत आवळतो आणि उजव्या हातानं खुकुरी खेचतो. खेचताना धार फळ्यांच्या जोडावर दाबली जाते, जोड उघडतो आणि धार चामड्यातून थेट बोटांवर. चारही बोटांच्या आतल्या बाजूनं एक सरळ रेष. मी असे टाके घातले आहेत. एकाच्या दोन बोटांचे स्नायुबंध तुटले होते, त्याला पुढे रुग्णालयात पाठवावं लागलं.

म्हणून दाप नेहमी पाठीच्या बाजूनं धरायची. अंगठा एका अंगाला, बोटं दुसऱ्या अंगाला सपाट. धारेच्या कडेवरून एकही बोट वळता कामा नये. काढताना आणि घालताना पात्याची पाठ दापेच्या पाठीला टेकवून सरकवायची. शेवटचे दोन इंच सगळ्यात सावकाश. पहिले पंधरा दिवस काही तोडू नका, रोज दहा वेळा काढा आणि घाला. पलटणीतले जुने हवालदार नव्या पोरांकडून हेच करून घ्यायचे.

आणि एक गैरसमज काढून टाका. म्यानाबाहेर काढली की रक्त दाखवावंच लागतं, ही कहाणी आहे. लंगरात त्याच खुकुरीनं दिवसातून दहादा बटाटे कापायचे.

शब्दवेडा
डॉक्टरसाहेब, मुठीजवळ पात्याला जी खाच असते तिच्याबद्दल सांगाल का? कुणी गाईचं खूर म्हणतं, कुणी त्रिशूळ.

डॉ_पलटण
दोन्ही ऐकलंय. पलटणीत तिला काउडी म्हणायचे. एका सुभेदारसाहेबांचं उत्तर मला जास्त आवडायचं: कापताना ओघळ मुठीकडे येतो, तो तिथेच थेंब होऊन खाली पडतो, मूठ ओली होत नाही. श्रद्धेचा अर्थ ते नाकारायचे नाहीत, नवमीला तिला टिळा लावायचे.

आजीची_विळी
आपल्या खंडेनवमीसारखंच की! आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, कात्री, शिलाई मशीन सगळ्यांना झेंडूचं फूल.

धारदार
निगेबद्दल दोन ओळी. हे लोखंड गंजतं, घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा दुसऱ्या दिवशी उमटतात. वापरून झालं की कोरड्या फडक्यानं पुसून मोहरीच्या तेलाचं बोट फिरव. पावसाळ्यात दापेत ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळून वेगळी ठेव. धार लावताना चाकाच्या सहाणेवर देऊ नकोस, पातं तापलं की पाणी उतरलंच समज. तिची धार फुगीर असते, सपाट दगडावर ती मारली जाते. रबराच्या जुन्या माऊसपॅडवर पॉलिश पेपर ठेव आणि पातं मागे ओढत ने. सोबत दोन छोटी पाती येतात, कर्द आणि चकमक. कर्दनं सोलायचं. चकमकीला धार नसते, ती वापरून मुख्य पात्याची मुडपलेली धार सरळ करायची. गारगोटीवर मारली तर ठिणगीही पडते.

सह्यवाट
उशिरा लिहितोय, कारण मित्र कोजागिरी झाल्यावर परतला. दशैं त्यांच्याकडे त्या पौर्णिमेपर्यंत चालतो. त्यामुळे खंडेनवमी हुकली.

आली! पातं ८ इंच, पोट रुंदीला पावणेदोन इंचांना जरा कमी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ४१० ग्रॅम. सिसौची मूठ, नक्षी काहीच नाही. पाठीवर अजून काळी खपली आहे आणि हातोडीचे ठसे दिसतात. मित्राच्या काकांनी कामीच्या शेजारी बसून करून घेतली. कानस लावली, पोटावर घसरली, पाठीवर चावली. लोहारवाडा, तुम्हाला मनात नमस्कार केला.

पंधरा दिवस फक्त काढ-घाल केली. काल शेतावर नेली. घाणेरीची अंगठ्याएवढी खोडं एका घावात, वर ओढावं लागत नाही, खरंच पडू द्यायचं. बांबूवर मात्र दोनदा सटकली, तिथे माझा कोन चुकतोय. एक अडचण आहे. मुठीच्या मधोमध जे उंच कडं असतं ते मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मध्ये नीट बसत नाही. तासाभरात अनामिकेला फोड आला.

धारदार
ते कडं पकड घसरू नये म्हणून असतं, पण तुझा पंजा मोठा असेल तर ते जागा चुकतं. पॉलिश पेपरनं थोडं थोडं उतरव, एकदम सपाट करू नकोस. मग जवसाचं तेल चोळ.

लाल_माती
बांबू आडवा तोडायचा नसतो, कोयत्यानंही नाही. पेराच्या जरा वर, खालून वर तिरपा घाव. एका हातानं बांबू ताणून धर, पण तो हात घावाच्या वाटेत येऊ देऊ नकोस. आणि मुठीचा फोटो टाक, बघायची आहे.

डॉ_पलटण
मुठीच्या आधी दाप कशी धरतोस त्याचा फोटो टाक.

सह्यवाट
दोन्ही टाकलेत. डॉक्टरसाहेब, बोटं पाठीच्या बाजूला आहेत, एकही वळलेलं नाही.

डॉ_पलटण
अंगठा आणखी अर्धा इंच मागे घे. बाकी ठीक.